नारिंगी फ्यूज

विलासकाका गेल्याचा आईचा फोन आला, तेव्हा मी युनिव्हर्सिटीच्या कार पार्कमध्ये गाडीत बसले होते. "अगं, काका गेले. सकाळी चहा ठेवला आणि तिथेच..." मला रडू आलं नाही. खरं सांगायचं तर मी घाबरले. काकांना एक गोष्ट सांगायची राहिली होती, आणि आता ती ऐकायला कोणी नव्हतं. समोर हीटरच्या पंख्याचं बटण होतं. तो पंखा त्यांनीच दुरुस्त केलेला. मी हात मागे घेतला.

काका नात्याने आमचे कोणी नव्हते. लंडनजवळच्या स्लाऊमध्ये आमच्यापासून दोन घरं सोडून एकटेच राहायचे. विमानतळावर सामान ओढणाऱ्या गाड्या दुरुस्त करण्यात त्यांचा जन्म गेला. माझे बाबा वेअरहाऊसमध्ये, आई एका शाळेच्या किचनमध्ये. आमच्या घरात युनिव्हर्सिटीत गेलेली मी पहिलीच, त्यातून इंजिनिअरिंगला. त्यामुळे बॉयलर बंद पडो की कौन्सिलचं पत्र येवो, सगळे माझ्याकडे बघायचे. 'मला माहीत नाही' हे म्हणायचं मी हळूहळू सोडूनच दिलं होतं. काका मात्र हसायचे. "काय इंजिनिअरसाहेब, आज काय बिघडवलंत?"

आमची गाडी जुनी, अठरा वर्षांची. मागच्या नोव्हेंबरात हीटरच्या पंख्याचा फ्यूज उडाला. नवा घातला, तोही उडाला. दुसऱ्या दिवशी सकाळी आईला हाउन्सलोला मावशीकडे सोडायचं होतं. तिथे लागणारे तीस अँपिअरचे हिरवे फ्यूज संपले होते, डब्यात चाळीसचा एक नारिंगी होता. तोच बसवला. पंखा फिरला. "झालं?" बाबांनी विचारलं. "झालं," मी म्हणाले. ते आईला म्हणाले, "बघ, शिकलेलं कुठे वाया जात नाही." त्यानंतर कोणाला काही विचारणं मला अवघडच झालं...

दोन आठवड्यांनी मोटरवेवर आई शेजारी बसलेली असताना प्लास्टिक जळल्याचा वास आला. एक, दोन, तीन, कुठल्याच वेगावर पंखा लागेना. चारवर लावला की मात्र जोरात घोंघावायचा आणि वास वाढायचा. बंद केला तर काचेवर वाफ धरायची, पुढचा ट्रक दिसेना. "कसला गं वास?" "बाहेरचा असेल." मी आईशी खोटं बोलले. पुढच्या एक्झिटला उतरेपर्यंत मी मनात फक्त तिचा सीटबेल्ट कसा सोडवायचा, एवढंच घोकत होते.

त्या शनिवारी बाबांच्या बोलावण्यावरून काका आले. बॅटरी सोडवून ठेवली आणि पॅसेंजरच्या पायापाशी उताणे होऊन डोकं ग्लोव्ह बॉक्सखाली घातलं. काढलेला प्रत्येक स्क्रू दह्याच्या रिकाम्या डब्यात जायचा, आणि डब्यावर कागदी चिकटपट्टी लावून त्यावर नाव लिहायचे. रेझिस्टर बाहेर आला, तर त्याचा प्लग वितळून तपकिरी झालेला. "पंखा हळू फिरवायचा तर करंट यातून जातो, म्हणून हा तापतो. पंख्याच्याच वाऱ्याने गार होतो." मग त्यांनी पंख्यातून मूठभर सुकी पानं काढली. "पंखा अडकत होता बिचारा. म्हणून फ्यूज उडत असणार." एवढं बोलून त्यांनी फ्यूजबॉक्स उघडला. नारिंगी फ्यूज चिमटीत धरला.

"हा कोणी घातला?"

"गॅरेजवाल्याने."

आमची गाडी कधीच कुठल्या गॅरेजमध्ये गेली नव्हती. सगळी कामं काकाच करायचे. त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं आणि फ्यूज शर्टाच्या खिशात टाकला. "त्या गॅरेजवाल्याला म्हणावं, वायर पेटली असती तरी हा उडाला नसता." ते पुन्हा खाली वाकले आणि आतूनच म्हणाले, "आणि घाबरला असेल तर फोन करायचा म्हणावं. दोन घरं सोडून तर राहतो मी."

नवा रेझिस्टर, नवा प्लग, हिरवा फ्यूज. "एकवर लाव." बारीक घरघर सुरू झाली. काका हवेच्या जाळीसमोर तळवा धरून थोडा वेळ तसेच बसले. मला तेव्हाच सांगता आलं असतं.

त्यांना जाऊन आता पाच आठवडे झाले. इतके दिवस मी पंखा लावलाच नाही. तो बिघडेल अशी भीती नव्हती. बिघडला तर विचारायला कोणी नाही, याची होती. काच खाली करून, कोट घालून गाडी चालवत होते. परवा त्यांच्या पुतण्याने हत्यारांची पेटी आमच्याकडे आणून दिली. "काका म्हणायचे, ही इंजिनिअरसाहेबांना द्या." तळाशी दह्याचा एक डबा होता. त्यात तो नारिंगी फ्यूज. वर चिकटपट्टी, आणि काकांच्या ठसठशीत अक्षरात एकच शब्द : गॅरेजवाला.

मी डबा घेऊन स्वयंपाकघरात गेले आणि आईबाबांना सगळं सांगितलं. मोटरवेवरचा वाससुद्धा. "मला येत नव्हतं," मी म्हणाले. आई कोट घालत म्हणाली, "चल, मला दाखव कुठे जळत होतं ते." दोघी गाडीत बसलो. आमच्या श्वासांनी काच धुरकटली. मी पंखा एकवर लावला. आईने जाळीसमोर तळवा धरला.