टोलेमास्तरांच्या खुणा

जुळाऱ्याच्या डाव्या हाताची करंगळी वाकडी होती. ती कोणी मोडली हे तो विचारणाऱ्याला सांगायचा आणि न विचारणाऱ्यालाही ऐकवायचा. छापखान्यात तो हिब्रू अक्षरांचे शिशाचे खिळे जुळवायचा. अक्षरांच्या ओळी जुळवणारे तिघे होते, पण त्या अक्षरांच्या खाली, वर आणि पोटात खुणा बसवणारा हा एकटाच. चिमट्यात मोहरीहून बारीक टिंब धरायचं, श्वास रोखायचा आणि जागेवर सोडायचं. शेजारच्याने शिंकलेलंही त्याला खपत नसे. एकदा मशीनवाल्याने जुळवलेलं पान धक्का मारून सांडवलं, तेव्हा जुळाऱ्याने त्याचा पुढचा दात पाडला आणि मग स्वतःच खाली बसून खिळ्यांबरोबर तो दातही शोधत होता.

हिब्रूतली अक्षरं म्हणजे बहुतेक नुसती व्यंजनं. आपल्या मजकुरातला काना, मात्रा, वेलांटी, उकार सगळं पुसून टाका, मग जे उरेल ते. उच्चार कळावा म्हणून खुणा असतात. अक्षराखाली एक टिंब असलं की इ, डोक्यावर असलं की ओ. खाली शेजारी शेजारी दोन असली की ए, तिरपी तीन असली की उ. पोटात टिंब आलं की व चा ब होतो. मुलांच्या पुस्तकात आणि प्रार्थनेच्या पुस्तकात या खुणा छापतात. प्रार्थनाघरातल्या चर्मपत्राच्या गुंडाळीवर मात्र एकही खूण नसते. तिथे उभं राहून वाचणाऱ्याला सगळे उच्चार तोंडपाठ लागतात.

गेली चाळीस वर्षं तिथे टोलेमास्तर वाचत होते. त्यांचं खरं नाव त्यांच्या बायकोलाही आठवावं लागलं असतं. वाचन शिकवण्याची त्यांची पद्धत सोपी होती. प्रत्येक खुणेला अंगावरची एक जागा. ओ चुकला की डोक्यात टोला. इ चुकली की पायाच्या अंगठ्यावर काठीचं टोक. व चा ब विसरलास, तर पोटात काठी. ए चुकला की दोन्ही गालांवर एकेक, आणि पहिली बसल्यावर दुसरा गाल आपणहून पुढे करायचा, नाहीतर पुन्हा पहिल्यापासून. उ साठी मुठीच्या तीन बोटांवर तिरपी पट्टी. सात वर्षांच्या जुळाऱ्याने उ चा अ वाचला, तेव्हा पट्टी जरा जास्तच तिरपी बसली आणि करंगळीतून काटकी मोडल्यासारखा आवाज आला. मास्तर म्हणाले, "आता विसरणार नाहीस." आणि पुढच्या मुलाकडे वळले.

असल्या माणसाला शिक्षक म्हणायला माझी जीभ रेटत नाही. पण गावातल्या तिशीपुढच्या सगळ्या पुरुषांना अस्खलित वाचता येत होतं, हेही खरं, आणि ते म्हणूनच जास्त वाईट होतं.

मास्तर ऐंशीला टेकले आणि त्यांची आठवण फाटायला लागली. वाचणाऱ्याशेजारी छापील, खुणांचं पुस्तक घेऊन एक मदतनीस उभा असतो. चूक झाली की त्याने मोठ्याने टोकायचं आणि वाचणाऱ्याने मागे जाऊन ते बरोबर वाचायचं, असा तिथला नियम. गेल्या महिन्यात मदतनिसाने टोकलं, तर मास्तरांनी हातातली ओळीवर फिरवायची चांदीची कांडी त्याच्या भुवईवर हाणली. भुवई फाटली. रक्त चर्मपत्रावर पडू नये म्हणून तो बिचारा बाही तोंडावर दाबून मागे मागे सरकत गेला, आणि मास्तर पुढची ओळ वाचत राहिले. तीही चुकीची.

प्रार्थनाघराच्या कारभाऱ्यांनी मग निकाल दिला. आणखी एका शनिवारचं वाचन. त्या दिवशी एकदा जरी टोकावं लागलं, तरी मास्तरांनी गुंडाळीसमोर पुन्हा उभं राहायचं नाही. आणि शेजारी कोण? तर खुणा ज्याला सगळ्यांत जास्त कळतात तो जुळारी.

जुळारी घरी जाऊन बायकोला म्हणाला, "तीस वर्षं वाट बघितली. असा टोकेन, की रस्त्यापर्यंत ऐकू जाईल."

"आणि त्याने तुमची भुवई फोडली तर?" बायकोने विचारलं.

"हात उचलून तर बघू दे म्हातारा. तिथेच हाडं मोजून देतो."

त्यांची सहा वर्षांची मुलगी कोपऱ्यात बसून बापाने आणलेल्या जुन्या मोठ्या खिळ्यांशी खेळत होती. वाचायला तो तिला स्वतःच शिकवत होता. चुकली की तो उठून बाहेर जायचा, हात खिशात घालून चकरा मारायचा आणि मग आत यायचा.

शुक्रवारी दुपारी मास्तरीणबाई छापखान्यात आल्या. मार खाल्लेल्या मुलांच्या बोटांना मागच्या दाराशी चोरून तेल लावणारी हीच बाई. आता ती वाकली होती.

"तेवढं वाचन गेलं तर ते भिंतीवर डोकं आपटून घेतील रे," ती म्हणाली. "परवाच आपटलं. मी मध्ये हात घातला म्हणून वाचले." तिने पदराखालून हात काढला. मनगट काळंनिळं पडलं होतं. "त्यांना सांभाळून घे."

"काकू, तुम्ही म्हणाल ते करीन," जुळारी म्हणाला, "पण एवढं सांगू नका."

शनिवारी प्रार्थनाघर भरलं. अर्ध्याअधिक लोकांनी मास्तरांचे टोले खाल्लेले होते, आणि बहुतेक जण तमाशा बघायलाच आले होते. मास्तर गुंडाळीसमोर उभे राहिले. जुळारी डावीकडे पुस्तक उघडून उभा राहिला. पहिल्या सात ओळी मास्तरांनी खणखणीत वाचल्या. आठव्या ओळीत एका शब्दावर कांडी थांबली.

जुळाऱ्याने पुस्तकात पाहिलं. अक्षराच्या डोक्यावर टिंब होतं. आता फक्त मास्तरांच्या तोंडून चूक बाहेर पडायची वाट होती. त्याने छाती भरून घेतली. पण मास्तर शब्दावर अडलेले, कांडी हवेत उगारलेली, आणि आपला ओ चुकणार हे ठाऊक असलेला सात वर्षांचा पोर अंगात कुठेतरी शिल्लक होताच. जुळाऱ्याचा हात झटकन वर गेला आणि त्याने डोकं झाकलं.

मास्तरांनी ते तिरक्या नजरेने पाहिलं. "ओ," ते पुटपुटले आणि शब्द बरोबर वाचून पुढे गेले.

जुळाऱ्याने दातओठ खाल्ले. पुढच्या अडखळीला हात खिशात कोंबायचा असं त्याने ठरवलं, तर व चा ब आला आणि पोट आपोआप आत गेलं. मास्तरांनी ब वाचला. मग उ आला. वाकडी करंगळी मेजाच्या कडेवर आकसली. मास्तरांनी त्या करंगळीकडे पाहिलं, नीट पाहिलं, आणि पापणीही न हलवता उ वाचून मोकळे झाले. समोरच्या बाकांवर आपापल्या पुस्तकात बोट ठेवून बसलेली टक्कल पडलेली, पोट सुटलेली माणसं त्याच जागी दचकत होती. कुणी अंगठा ओढून घेतला, कुणी गाल धरला. शेवटची ओळ संपेपर्यंत जुळाऱ्याचा सदरा घामाने अंगाला चिकटला होता. एकदाही टोकावं लागलं नव्हतं.

कारभाऱ्यांनी मान डोलावली. मास्तरांची जागा राहिली.

नंतर पुस्तकं ठेवायच्या लहानशा खोलीत दोघेच होते. मास्तर खुर्चीत बसून हसले. ते हसतात हे जुळाऱ्याला माहीत नव्हतं.

"बघितलंस ना," ते म्हणाले. "पुस्तकातलं माणूस विसरतो. तुझ्यात घातलेलं तसंच्या तसं आहे. मार वाया गेला नाही." मग त्यांनी गुडघ्यावर हात ठेवला. "तुला मुलगी आहे म्हणे. घरी लाड करून तिचं वाटोळं करू नकोस. उद्यापासून पाठव माझ्याकडे."

जुळाऱ्याने त्यांच्या कानाखाली जाळ काढला. उजव्या हाताने, सगळं अंग मागे घेऊन. म्हाताऱ्याचा चष्मा कपाटावर आदळला, ओठ फुटला, खुर्ची भिंतीला जाऊन टेकली. जुळाऱ्याला फार बरं वाटलं. तीस वर्षांत वाटलं नव्हतं इतकं बरं वाटलं, आणि त्याने पुन्हा हात उगारला.

मास्तर उठले नाहीत. त्यांनी हात वर केला नाही, शिवी दिली नाही. त्यांनी डोळे घट्ट मिटले, पाठ ताठ केली, दोन्ही हात मांड्यांवर पालथे ठेवले.

"ए," ते म्हणाले. आवाज त्यांचा नव्हता, सहासात वर्षांच्या मुलाचा होता.

आणि फुटक्या ओठानिशी त्यांनी दुसरा गाल पुढे केला.

जुळाऱ्याचा हात वरच राहिला. दुसरी बसेना, तेव्हा मास्तर डोळे न उघडता हळूच म्हणाले, "गुरुजी, अजून एक राहिली."