ऐंशी सेंटिमीटर उरलेलं कापड

कोड लिहिणाऱ्यांनो, तुम्ही तरी हे वाचा. आज माझं डोकं पार सुन्न झालंय.

आमची ताई दिग्रसला शिवणकाम करते. तिला मी मोबाइलवर प्रोग्राम करून दिला होता. कापडाची लांबी आणि तुकड्याचं माप टाकलं, की तुकडे किती अन् बाकी किती ते दिसतं.

सकाळी शाळेच्या मॅडम आल्या. गॅदरिंगच्या नाचाला पंचवीस पोरींसाठी शेले हवे होते. त्यांना हव्या त्या रंगाचं कापड वीसच मीटर मिळालं, शेला ०.८ मीटरचा. प्रोग्राम म्हणाला, चोवीस. बाकी ०.७९.

"एवढ्याशानं एक कमी काहून पडून राह्यला रे?" ताईनं विचारलं.

मी मोठा शहाणा. जास्त अचूक दशांश वापरून पुन्हा चालवलं. बाकी ०.७९९९९ करत लांबलचक आली. मी म्हणालो, "एवढे आकडे दाखवून राह्यलं, आता पक्कं. चोवीसच."

मॅडमनी एका पोरीला नाचातून काढलं.

दुपारी ताईनं चोवीस शेले कापले. उरलेला तुकडा टेपनं मोजला, तर अख्खा ऐंशी सेंटिमीटर!

कॉम्प्युटरात ०.८ नेमका बसत नाही, केसभर जास्त धरला जातो. मी तोच आकडा नव्या हिशोबात ओतला. चूक तीच राहिली, फक्त लांब झाली. कागदावर भागाकार करून पाहावा, हे तिघांपैकी एकालाही सुचलं नाही.

मॅडमना फोन केला. "आता बारा जोड्या बसवल्या, पंचविसावीले कुठं उभी करू? रडत घरी गेली थे."

ताईनं तो शेला शिवून ठेवलाय. त्या पोरीच्या घरी कोणत्या तोंडानं नेऊ, सांगा.