डब्यावरची नक्षी

निवृत्त झाल्यावर माणसं नातवंडं सांभाळतात, नाहीतर गुडघे. मी तैलरंगांची पेटी आणली. शाळेत जन्मभर भूगोल शिकवला, नकाशाबाहेर कधी रेघ काढली नव्हती. पण घरातल्या साध्या वस्तूंची तळहाताएवढी चित्रं काढायची, असं मनानं घेतलं. किटली, खलबत्ता, पोळपाट. याला म्हणे स्थिरचित्र म्हणतात. ज्यानं हे नाव ठेवलं, त्याच्या घरात माणसं राहत नसावीत.

आमच्या घरात काहीच स्थिर राहत नाही. कडक भाकरी मांडली, नासत नाही म्हणून मुद्दाम निवडलेली, तर आमच्या ह्यांनी ती शेंगाचटणीशी खाल्ली. वर म्हणाले, "चित्रात आहे की अजून." लसूण मांडला, तो फोडणीत गेला. किटली रंगवायला घेतली की ह्यांना नेमकी चहाची तल्लफ यायची. मी आरडाओरडा केला की शांतपणे म्हणायचे, "मग न लागणारी वस्तू काढ." तशी वस्तू घरात एकच होती, पण ती एका जागी बसायला तयार नव्हती.

सोलापुरात, भवानी पेठेत आमच्या शेजारी अक्का राहतात. माझ्याहून मोठ्या, घरात तेलुगू, माझ्याशी सोलापुरी. संक्रांतीला त्यांच्याकडून सकिनालू येतात, तांदळाच्या पिठाची, तीळ घातलेली, चकलीसारखी गोल वळणांची तळणं. यंदा ती पितळेच्या एका बुटक्या डब्यातून आली.

"डबा तेवढा जपा ओ बाई," अक्का म्हणाल्या. "आईनं दिल्याला हाय. तिच्याकडचं एवढंच उरलंय माज्याकडं."

"जपते की," मी म्हटलं. पण तेवढ्यात खिडकीतला उजेड डब्याच्या पोटावर पडला आणि माझी नजर तिथेच अडकली. दुसऱ्या दिवशी सकिनालू ताटात ओतून मी डबा मांडला.

तैलरंगांचं एक वाईट असतं, ते लवकर वाळत नाहीत. चित्र रांगत होतं आणि डबा तर परत करायला हवा होता. आलेलं भांडं रिकामं पाठवायचं नाही, ही रीत माझ्या कामी आली. आज गूळ संपलाय, उद्या शेंगदाणे भाजायचेत, असं म्हणत मी डबा अडवून धरला. अक्काही पक्क्या. सरळ मागणं त्यांच्यात बसत नाही. गच्चीवरून विचारायच्या, "मुंग्या झाल्यात का ओ तुमच्याकडं? डब्याला लागत न्हाईत न्हवं?" मग एकदा म्हणाल्या, "सपनात आई आल्ती. काय बोलली न्हाय, नुसती बगत हुती." त्या दिवशी मला घास गोड लागला नाही, पण ब्रशही खाली ठेवला नाही.

पितळेचा तो काळपट सोनेरी रंग मोठ्या मुश्किलीनं जमला होता. एका सकाळी बघते तर डबा लखलखतोय! आमच्या ह्यांनी आयुष्यात पहिल्यांदा आपणहून भांडं घासलं होतं, चिंच-मीठ लावून. "म्हटलं परत द्यायचाय, चांगला दिसू दे." लग्न झाल्यापासून ज्या मदतीची वाट पाहिली, ती आली ती ही अशी. मी काय बोलले ते इथे लिहीत नाही. शेवटी मी शिक्षिका होते.

सगळं पुन्हा रंगवायला घेतलं. पण काळेपणा गेल्यामुळे झाकणाखाली बारीक टिंबांची नक्षी दिसू लागली होती, वळणावळणांची, झिजून निम्मीअर्धी पुसलेली. कारागिरानं सकिनालूच कोरलीत असं मी ठरवून टाकलं. डबा खाऊचा, नक्षीही खाऊची. जिथे पुसट होती तिथे मी पदरची वळणं घातली, शोभेला दोन जास्तच घातली. चित्र काय उठून दिसायला लागलं! मग शेंगापोळ्या केल्या, डबा भरला, ओलं चित्र दुसऱ्या हातात सांभाळत अक्कांकडे गेले.

अक्कांनी आधी डबा घेतला, पदरानं पुसला आणि न उघडताच छातीशी धरला. मग चित्र हातात घेतलं. लांब धरलं, जवळ आणलं. त्यांचे ओठ हलायला लागले. मला वाटलं, भारावल्या.

"हे काय लिवलंय ओ बाई?"

"लिहिलं नाही काही. नक्षी आहे."

"नक्षी कुटली! नाव हाय माजं!" आणि त्या हसत सुटल्या. "असलं अक्षरच न्हाय की आमच्यात! वाचाय गेलं तर शिंक आल्यावानी हुतंय!" त्यांनी वाचूनही दाखवलं. खरोखरच शिंकेसारखं झालं. मीही हसले. पेठेतल्या पाट्यांवर ही तेलुगू अक्षरं मी रोज बघते, पण डब्यालाही पाटी असेल, हे काही माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

हसून हसून अक्कांनी डोळे पुसले, आणि पुसतच राहिल्या. "म्हायेरचं नाव हाय," त्या म्हणाल्या. "लगीन हून हितं आले, सासूनं हितल्या रीतीनं बदललं. आई हुती तवर ती त्या नावानं हाक मारायची. आता कोण मारणार? डब्यावर तेवढं राह्यलंय."

त्या नावाला मी शोभेची शेपटं लावली होती.

"आणा ते चित्र," मी म्हटलं. तैलरंग लवकर वाळत नाहीत हे किती बरं असतं, ते तेव्हा कळलं. सुरीच्या टोकानं मी ती सगळी वळणं खरवडून काढली. घरी जाऊन रंग आणि ब्रश घेऊन आले. अक्कांनी परातीत ज्वारीचं पीठ पसरलं, बोटानं एकेक अक्षर उच्चार सांगत काढलं आणि मला गिरवायला लावलं. चुकलं की पीठ सारखं करायच्या आणि म्हणायच्या, "परत." जन्मभर मी पोरांचा जो छळ केला, त्याची अशी फेड होत होती.

शेवटी अक्षरं जमली. ती चित्रात उतरवली तोवर अक्का आत चहा टाकायला गेल्या होत्या. बरोबर आलंय का ते बघावं, म्हणून मी एकेक अक्षर जुळवलं आणि हजेरी घेतल्यासारखं ते नाव मोठ्यानं वाचलं.

आतून लगेच "ओ" आली. आणि अक्का हातात सांडशी तशीच धरून, कुणी हाक मारली ते बघायला दारात आल्या.