सहा डोसांची बाटली

तेव्हा मिक्श्चरचे दिवस अजून सरले नव्हते. पेशंट घरून रिकामी बाटली आणायचे, कंपाउंडर तीत गुलाबी औषध भरायचा आणि खाचा कातरलेली कागदाची पट्टी बाटलीला डकवायचा. एक खाच म्हणजे एक डोस. गर्दी असली की लोक बाकावर आपली बाटली ठेवून नंबर राखायचे आणि भाजी घेऊन यायचे. सदाशिव पेठेत खाली माझा दवाखाना, वर आमचं बिऱ्हाड. मधे सतरा पायऱ्या. त्या उतरायला मला अर्धं मिनिट लागायचं आणि चढायला अख्खा दिवस.

मी बत्तीस वर्षांची होते आणि स्वतःला फारच मोठी डॉक्टर समजत होते. मंडईत कोथिंबीर घ्यायला जातानासुद्धा स्टेथोस्कोप गळ्यात. "बाई, जुडी तपासून घेणार का?" असं भाजीवालीनं विचारलं, तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. शिवाय एक लाडकं वाक्य होतं, ते येईल त्याला ऐकवायची: "पेशंट परत आला नाही, की समजायचं बरा झाला."

आमचे हे हडपसरच्या कारखान्यात. त्यांना रविवार तेवढा मोकळा. मुलगी सहा वर्षांची, दिवसभर सासूबाईंपाशी. एका रविवारी संध्याकाळी तिनं कात्रजला साप बघायला जायचा हट्ट धरला.

"पुढच्या रविवारी. नक्की," मी म्हटलं.

"म्हणजे किती?"

"सहा डोस!" मी विनोद केला. तिनं तो विनोद म्हणून घेतला नाही.

सोमवारी तिनं कंपाउंडरकडून बाटली मिळवली, सहा खाचांची पट्टी डकवून घेतली आणि आजीकडून तीत कोकम सरबत भरून घेतलं. रोज एक खाच प्यायची. बुधवारी दुपारी मी जेवायला वर आले, तर बाटली रिकामी आणि ओठ लाल.

"आई, मी सगळे डोस संपवले. आता उद्या रविवार ना?"

कुठल्याही शहाण्या बाईनं तिला उचलून घेतलं असतं. मी तिला समोर बसवून समजावलं, "हे बघ, डोस वाढवला म्हणून गुण लवकर येत नाही." तिनं पेशंटसारखी मान हलवली. सासूबाईंनी उरलेल्या खाचांपुरतं सरबत पुन्हा ओतलं आणि बाटलीकडेच बघत म्हणाल्या, "साप कुठं पळून जात नाहीत. मुलगी मात्र मोठी होते." मी घड्याळ बघितलं आणि खाली गेले.

रविवार आला. पुऱ्या तळून झाल्या, बटाट्याची भाजी डब्यात भरली, झालरीचा फ्रॉक चढला. इतक्यात खालून हाक. पलीकडच्या गल्लीतले पेन्शनर आजोबा.

"अहो, पाटी वाचलीत ना? रविवारी बंद, दार वाजवू नये."

"वाजवलंय कुठं? हाक मारली. की रविवारी पोट दुखायलाही बंदी आहे?"

आदल्या दिवशी लग्नात जिलब्या हाणल्या होत्या, दुसरं काही नव्हतं. सोड्याची पुडी देऊन वाटेला लावता आलं असतं. पण डॉक्टरीणबाईंवाचून पेठेचं अडतं, हे ऐकायला गोड वाटायचं. "पाच मिनिटांत येते," म्हणून मी कुलूप काढलं. दार उघडं दिसल्यावर आणखी सात-आठ जण आले. मधेच कुणीतरी दारात येऊन उभं राहिलं. मी मान वर न करता म्हटलं, "बसा. नंबर आला की बोलावते."

साडेअकराला खोली रिकामी झाली. बाहेर येऊन बघते तो बाकावर एकच बाटली, सहा खाचांची, रिकामी. नंबर राखून ठेवलेली.

वर दाराला कुलूप. किल्ली माझ्याजवळ होती, हे बरं. ओट्यावर चार पुऱ्या झाकून ठेवलेल्या. निवांत दुपार मिळत नाही म्हणून मी वर्षभर कुरकुरत होते, ती मिळाली. दोन पुऱ्या खाल्ल्या. चहा केला, तो निवला. शेजारच्या घरात कुणीतरी मोठ्यानं हसत होतं. शेवटी मी स्टेथोस्कोप स्वतःच्याच छातीला लावला. ठोके अगदी नॉर्मल. मग दुखतंय काय, ते काही मला सांगता येईना.

दिवेलागणीला तिघं परतली. मुलगी आजीला सांगत होती, "अजगर ढिम्म बसून होता. सगळे हाका मारतात, तो बघतच नाही." माझ्यावर रागावली असती तर चाललं असतं. ती रागावली नव्हती. "आई, तू जेवलीस?" असं विचारून हात धुवायला गेली.

सोमवारी सकाळी मीच उठून बाटली धुतली, कात्रीनं सहा खाचा कातरल्या, पट्टी डकवली. आयुष्यात पहिल्यांदा. वाकडी बसली. सरबत भरून तिच्यापुढे धरली.

"या रविवारी जाऊ. आपण दोघीच. खाली कुलूप."

तिनं बाटलीकडे बघितलं, मग माझ्याकडे. अगदी शहाण्यासारखी म्हणाली, "नको आई. मला बरं वाटतंय आता."

आणि वेणी घालून घ्यायला आजीकडे गेली.

ते लाडकं वाक्य मी त्यानंतर कुणालाही ऐकवलं नाही. परत न आलेला पेशंट बरा झालेला असतोच असं नाही. त्याला दुसरा डॉक्टर मिळालेला असतो. सहा दिवस ते सरबत मीच प्यायले, रोज एक खाच.