पुसून टाकलेली चावी

आधीच सांगून ठेवतो, भूत, चकवा, लागीर यातलं काहीही मी मानत नाही. आमच्या धंद्यात ते मानून चालतही नाही — बंद गाडीपुढे लिंबू ठेवलं आणि ती चालू झाली, असं मी अजून पाहिलेलं नाही. अशा अनुभवांखाली खवचट कमेंट टाकणाऱ्यांत मीच पुढे असायचो, त्यामुळे आज तुम्ही हसलात तरी माझी तक्रार नाही.

धुळ्यात साक्री रोडला माझं चाव्यांचं दुकान आहे. चिपवाल्या गाड्यांच्या चाव्या बनवतो, बारा-तेरा वर्षं झाली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. या चावीच्या प्लॅस्टिकच्या डोक्यात एक बारकी चिप असते आणि तिचा नंबर गाडीच्या मेमरीत असेल तरच इंजिन चालू होतं. नसेल तर दार उघडतं, स्टार्टर घुरघुरतो, पण इंजिन पकडत नाही आणि मीटरवर एक लहानसं कुलूप लुकलुकत राहतं. बऱ्याच गाड्यांत नवी चावी भरताना घरातल्या सगळ्या चाव्या गाडीला एकेक करून दाखवाव्या लागतात. जी दाखवली नाही तिला गाडी विसरते... म्हणून गिऱ्हाईक कोणीही असो, मी आधी दोन गोष्टी मागतो — गाडीची कागदपत्रं आणि सगळ्या चाव्या.

फक्त एकदा मागितल्या नाहीत. समोर माझा सख्खा मोठा भाऊ होता.

आमचे आई-आबा पिंपळनेरजवळ मळ्यात राहतात, दोघंच. आबा चौऱ्याहत्तर वर्षांचे. पांढरी डिझेल गाडी त्यांच्या नावावर, आणि ती चालवायचेही तेच. एक चावी लाल दोऱ्यात बांधून कायम त्यांच्या बंडीच्या खिशात, दुसरी आईच्या कपाटात. भाऊ नाशिकला असतो. गेल्या वर्षी नवरात्राच्या आधी तो गाडी घेऊन दुकानावर आला. म्हणाला, आबांची चावी पाणी भरताना वावरात पडली, कोणाच्या हाती लागली तर पंचाईत, तेव्हा तिचा नंबर काढून टाक आणि नवी बनवून दे. कपाटातली चावी त्याने सोबत आणली होती.

आबांना एक फोन करून विचारतो म्हणालो, तर त्याचं तोंड उतरलं.

“मन्हावर इस्वास नही का तुले?”

आता मोठ्या भावाला कागद काय मागायचे. लाज वाटली मला. त्याला चहा पाजला, गाडीला मशीन लावलं, कपाटातली आणि नवी अशा दोन चाव्या दाखवल्या आणि आबांची पुसून टाकली. नवी चावी आबांना तोच देणार होता, कारण तो मळ्यातच चालला होता. मी मजुरीसुद्धा घेतली नाही, वर त्याच्यासोबत आईसाठी फरसाण दिलं. असा मी शहाणा.

चौथ्या दिवशी आबांचा फोन आला. गाडी चार दिवसांपासून चालू होत नाही, म्हणाले, कुलपाचं चित्र लुकलुकतं. मी सहज विचारलं, कोणती चावी लावताय?

“मन्हीच. मन्हा खिसामाच शे ना ती.”

चावी हरवलीच नव्हती. भाऊने गाडी मळ्यात उभी केली होती आणि दोन्ही चाव्या खिशात घालून तो एसटीने नाशिकला निघून गेला होता. फोन केला तर म्हणाला, आबांचं वय झालं, त्यांनी गाडी चालवू नये, तोंडावर सांगितलं असतं तर ऐकलं नसतं. आणि जाता जाता, पोराला कॉलेजला जायला गाडी लागणारच आहे. यातलं खरं कारण कोणतं ते मला आजही ठाऊक नाही. पण त्याला जे करायचं होतं ते त्याने माझ्या हातांनी केलं, हे मात्र पक्कं. फार लागलं मला ते.

आणि मी काय केलं? आबांना परत फोन लावला, पण खरं सांगितलंच नाही. रविवारी मशीन घेऊन येतो, बघतो, एवढं बोलून फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला आईच्या छातीत कळ आली. घामाने न्हाली, बोलता येईना. ॲम्ब्युलन्स लांब होती. आबांनी तिला उचलून गाडीत बसवलं, खिशातली तीच लाल दोऱ्याची चावी लावली, आणि गाडी चालू झाली. साक्रीपर्यंत पंचवीसेक किलोमीटर, एकदाही बंद पडली नाही. डॉक्टर म्हणाले, अर्धा तास उशीर झाला असता तर अवघड होतं.

मी धुळ्याहून मशीनसकट पोचलो तेव्हा गाडी दवाखान्याच्या दारात उभी होती. कोणाच्या चावीने आली, हे मला कळेना. भाऊला व्हिडिओ कॉल लावला. दोन्ही चाव्या नाशिकला, त्याच्या हातात. मशीन लावलं. गाडीला दोनच चाव्या माहीत, आणि त्या दोन्ही भाऊकडच्या. आबांच्या चिपचा नंबर कुठेच नाही. मी स्वतः त्यांची चावी फिरवली तर नुसतं घुरघुर, आणि कुलूप लुकलुकायला लागलं. आबांनाही फिरवायला लावली. तेच. म्हणजे त्या सकाळच्या आधी नाही, नंतरही नाही, फक्त तेवढ्या पंचवीस किलोमीटरांपुरती... चिप खराब असेल, पुसताना चूक झाली असेल, सगळं तपासून झालं. हे काम शिकवणाऱ्या माझ्या गुरूंना मशीनमधली नोंद पाठवली, त्यांनाही चूक सापडली नाही.

आबांना विचारलं तर एवढंच म्हणाले, “चाबी फिरावी, चालू व्हयनी.” फिरवली आणि झाली चालू, त्यांच्या लेखी एवढंच.

मग व्हरांड्यातल्या बाकावर बसून मी त्यांना सगळं सांगितलं. भाऊ काय म्हणाला, मी काय पुसलं, आणि आदल्या दिवशी फोनवर काय लपवलं. ते उठले आणि आत आईजवळ जाऊन बसले. दुसऱ्या दिवशी भाऊ चाव्या घेऊन आला. मी म्हणालो, तिन्ही चाव्या आहेत, आबांची आत्ता परत भरून देतो. आबांनी खिशातून ती काढली, लाल दोरा सोडून घेतला आणि चावी माझ्या हातावर ठेवली.

“गाडी माले इसरनी नही. तुम्ही दोन्ही भाऊ इसरनात.”

गाडी कशी चालू झाली, मला सांगता येत नाही. कोणाला कळलं तर जरूर सांगा, चेष्टा केली तरी चालेल. चावी दुकानात खिळ्याला टांगलेली आहे. अधूनमधून मशीनला लावून बघतो, चिप जिवंत दिसते. तिच्यात काही बिघाड नाही.

आई बरी आहे. गाडी मळ्यात धूळ खात उभी आहे, आबा तिला हात लावत नाहीत आणि भाऊची न्यायची हिंमत नाही. आईची औषधं आणायला ते एसटीने धुळ्याला येतात. एसटी माझ्या दुकानावरूनच जाते. महिन्यातून एकदा ते खिडकीत दिसतात, मी हात करतो. ते समोर बघत असतात.