एका पत्त्यामागची माणसं

शहाद्याला घरून काम करायला लागून आता काही वर्षं झाली. आमची कंपनी इतर काही साइटांसोबत शिष्यवृत्तीच्या अर्जांची साइटही सांभाळते. येणारी गर्दी अनेक सर्व्हरांमध्ये वाटून देणारा लोड बॅलन्सर माझ्याकडे आहे. कोणाला आत सोडायचं आणि कोणाला अडवायचं, हे त्याच्यावरच्या स्क्रिप्टा ठरवतात. त्या आधीच्यांनी लिहिलेल्या. मी बहुतेक वेळा ठिगळंच लावते.

अर्जांची मुदत संपत आली होती. रोज नवी तक्रार, रोज नवं ठिगळ. डोळे चुरचुरत होते. अशात सकाळी डोंगरातल्या मोलगीहून धाकट्या बहिणीचा फोन आला. ती तिथे ऑनलाइन अर्ज भरून देण्याचं दुकान चालवते.

"ताई, तुन्ही साइट आठे उघडीच नही ऱ्हायनी."

"रेंज बघ ना."

"रेंज शे. बाकी समदं उघडस. आज बजार शे, लोके पोरेसले लिसन येल शेतस. जीपवाला थांबाव नही."

पोरांना घेऊन आलेली माणसं जीप सुटली की परत जाणार होती. मी सर्व्हरच्या नोंदी उघडल्या. तिकडून येणारी साइट उघडण्याची प्रत्येक विनंती आमचीच स्क्रिप्ट परत पाठवत होती. इंटरनेटवरच्या एका पत्त्यावरून थोड्या वेळात फार विनंत्या आल्या, की हल्ला समजून तो पत्ता अडवायचा, असा तिच्यात नियम होता. पण त्या डोंगरपट्ट्यातले कितीतरी मोबाइल बाहेरच्या जगाला एकाच पत्त्यावरून आल्यासारखे दिसतात. बाजाराच्या दिवशी सगळे एकदम आले आणि सगळे मिळून चोर ठरले.

उपाय अवघड नव्हता. पत्ता मोजण्याऐवजी प्रत्येक मोबाइलला वेगळी खूण द्यायची आणि ती मोजायची. मी स्क्रिप्ट बदलली, चाचणीच्या सर्व्हरवर चालवून पाहिली आणि पुण्याच्या साहेबांना फोन लावला.

"मुदतीच्या तोंडावर स्क्रिप्टला हात नको," ते म्हणाले.

"सर, माणसं ताटकळलीत तिथे."

"असतील किती?"

"बाजाराला येतात तेवढी."

ते म्हणाले, "मंजुरीला टाका."

मंजुरी म्हणजे सुरक्षेच्या टीमची, मग साइटच्या मालकांची, मग पुन्हा साहेबांची. एकाने पुरावा मागितला, तो दिला. दुसऱ्याने तोच पुरावा वेगळ्या तऱ्हेने मागितला. मधे आईने भाकरी आणून ठेवली, ती तशीच राहिली. बहिणीचा पुन्हा फोन आला, तेव्हा मी "होतंय, होतंय" एवढंच म्हणाले. मला स्वतःचाच आवाज त्या साहेबांसारखा वाटला.

होकार आला तेव्हा ऊन उतरलं होतं. मी नवा नियम साइटवर चढवला. मिनिटभरात मोलगीकडच्या विनंत्या आत जाऊ लागल्या. मी बहिणीला फोन केला.

"चाली ऱ्हायनं," ती म्हणाली. "पन आते कोन शे आठे? जीपा गयात."

दुकानासमोर राहणाऱ्या दोघांचे अर्ज तिने तेवढ्यात भरले. मुदत संपेपर्यंतच्या दोन दिवसांत काही जण डोंगर उतरून पायी आले. काही आलेच नाहीत. ते का आले नाहीत, हे तिला सांगता येईना आणि मला विचारवेना.

साहेबांचा निरोप आला, "छान काम. आता हाच बदल बाकीच्या साइटांवरही करून टाका." मी "हो सर" असं लिहिलं आणि टेबलावरच डोकं टेकलं.