किमान पंचावन्न टक्के

मामा गेल्याचा फोन आला तेव्हा मी वर्गात होतो. पुण्याच्या एका महाविद्यालयात मी पदार्थविज्ञान शिकवतो. फळ्यावरचं गणित अर्धं सोडून बाहेर आलो. मामेभाऊ सांगत होता, सकाळचं दूध घेऊन झालं, मामांनी हात धुतले, दूध संस्थेच्या बाकड्यावर टेकले, आणि तेवढंच... त्याला आता पाच आठवडे होऊन गेले. मामांविषयी लिहायचं तर सरळ कृतज्ञतेनं लिहिता यायला हवं होतं. त्यांच्यामुळे मी शिकलो. आमच्या घरात पदवी पाहिलेला मी पहिलाच. पण त्यांच्या दिवसकार्याला एक गोष्ट कानावर आली आणि तेव्हापासून माझा गोंधळ उडालेला आहे. लिहिल्यावर तो सुटेल असं नाही, तरी लिहितो.

शाहूवाडी तालुक्यातल्या आमच्या गावात मामा दूध संस्थेचे सेक्रेटरी होते. शिक्षण दहावी. फॅट मोजायचं यंत्र आल्यावरसुद्धा ते आधी दुधात बोट बुडवून अंगठ्यावर चोळायचे, आकडा बोलायचे आणि मग यंत्र लावायचे. बहुतेक वेळा आकडा जुळायचा. कमी फॅट लागलेल्या बायका भांडायच्या. एकदा एक वहिनी तावातावानं म्हणाल्या, काल तर पेंड घातलीया म्हशीला, मग फॅट कमी कशी लागतीया? मामा वहीतून मान वर न काढता म्हणाले, "पेंड म्हशीनंच खाल्ली न्हवं, वैनी?" रांगेत हशा पिकला, आणि त्यात त्या वहिनीही होत्या. गावात कुणाला काही अंदाज हवा असला की लोक मामांकडे यायचे. पोरगं पास होईल का, म्हैस गाभण राहिली असेल का, थोरला एसटीत नोकरीला चिकटेल का... मामा क्षणभर बघायचे आणि सांगून टाकायचे.

पंच्याण्णव-शहाण्णवचा सुमार असेल. कोल्हापुरात बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होतो. वसतिगृहातल्या एका मुलानं दिल्लीच्या एका विद्यापीठाचं माहितीपत्रक आणलं होतं. तिथं एम.एस्सी.ला प्रवेश मिळाला की पुढची वाट मोकळी, एवढंच आम्हाला ऐकून माहीत. देशभरातून मुलं परीक्षेला बसतात, हेही ऐकलं होतं, पण देशभर म्हणजे किती, याची कल्पना करायला आमच्याकडे काही मापच नव्हतं. मी फॉर्म भरला. त्याच आठवड्यात साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेतून पत्र आलं. पंधरा दिवसांत रुजू व्हा, आणि दोन हंगाम तरी नोकरी सोडणार नाही असं लिहून द्या. माझे वडील लोकांच्या शेतात राबत होते. कारखान्यातली कायमची जागा म्हणजे त्यांना उन्हातून घरी बसवता येणार होतं. सही केली तर दिल्ली गेली; नाही केली आणि दिल्लीनं घेतलं नाही, तर दोन्ही गेलं. वडिलांनी पत्र हातात घेतलं, उलटसुलट केलं आणि म्हणाले, मामाला इचार.

मामांनी माहितीपत्रक दोन दिवस ठेवून घेतलं. शब्दकोश घेऊन बसले. तिसऱ्या दिवशी सकाळचं दूध संपल्यावर मला समोर बसवलं आणि एका ओळीवर बोट ठेवलं. पात्रतेसाठी किमान पंचावन्न टक्के. मला त्रेसष्ट पडत होते.

"पंचावन्नच्या वर हाय न्हवं? मग त्यास्नी घ्याला लागतंय की. कारखान्याला न्हाई म्हणून कळीव."

त्यांचं म्हणणं त्यांच्या धंद्यातून आलेलं होतं. संस्थेत कमीत कमी फॅट ठरलेली असते. त्याच्या खाली लागली तर दूध परत जातं. वर लागली तर कितीही दूध येऊ दे, घ्यावंच लागतं. आता बास, आज पुरे झालं, असं सेक्रेटरीला म्हणता येत नाही. विद्यापीठाची किमान अटही तशीच असणार, असं त्यांनी धरलं. मीही धरलं. माझ्या वडिलांनी तर सुटकेचा निःश्वासच टाकला. आम्ही कारखान्याला नकार कळवला.

परीक्षा पुण्याला झाली. पहिल्या यादीत माझं नाव नव्हतं, दुसऱ्या यादीतही नव्हतं. ऑगस्टमध्ये, सगळ्यांनी आशा सोडल्यावर, प्रतीक्षायादीतून पत्र आलं. कुणीतरी जागा सोडली होती. दिल्लीत पोचल्यावर एका जागेमागे किती मुलं होती हे कळलं आणि मी उशिरानं घाबरलो. मग ती भीती ओसरली आणि तिची गोष्ट झाली. दुधाच्या हिशेबानं भाच्याला दिल्लीला पाठवणाऱ्या मामाची गोष्ट. वसतिगृहात सांगितली, नोकरी लागल्यावर सांगितली, माझ्या लग्नात पंगत उठल्यावर मामांच्या समोर सांगितली. शहरातले पाहुणे पोट धरून हसले. मामा पान लावत बसले होते. त्यांनी एवढंच म्हटलं, "आमचं आपलं दुधाचं गणित, पावणं." आणि तेही हसले... मला तरी ते हसल्यासारखे दिसले.

दिवसकार्याला कोल्हापूरहून माझे कॉलेजचे सर आले होते. निवृत्त झाले आहेत. जेवण झाल्यावर ओसरीवर बसून सहज म्हणाले, तुझे मामा त्या वेळी मला भेटायला आले होते, तुला माहीत असेलच. मला माहीत नव्हतं. सरांनी सांगितलं ते असं : मामा माहितीपत्रक घेऊन त्यांच्या घरी गेले. पोराला घेतील का, म्हणून विचारलं. सरांनी प्रामाणिकपणे सांगितलं की किमान टक्के म्हणजे नुसतं परीक्षेला बसायची परवानगी. आपल्या कॉलेजातून आजवर तिथं कुणी लागलेलं नाही. कारखान्याची जागा सोडू नका. मामांनी शंभरात किती, असं विचारलं. सर म्हणाले, एकसुद्धा धरू नका. मामांनी मान डोलावली, चहा घेतला आणि गेले.

मी सरांना पुन्हा पुन्हा विचारलं, कधी आले होते? कारखान्याला नकार कळवायच्या आधी की नंतर? सरांना आठवेना. एवढं जुनं कुणाला आठवणार? पण माझं सगळं त्याच्यावरच अडलंय. आधी गेले असतील तर ते माझ्याशी, माझ्या वडिलांशी धडधडीत खोटं बोलले. नंतर गेले असतील तर चूक कळूनही गप्प राहिले. की सरांचं बोलणं त्यांना नीट उमगलंच नाही? न कळलेल्या गोष्टीलाही ते मान डोलवायचे... पण शंभरात एकसुद्धा नाही, हे न कळणारा माणूस दुधाची वही कशी लिहील?

रात्री राहवेना, म्हणून सकाळी मामींना विचारलं. त्या गोठ्यात शेण भरत होत्या. त्यांना विद्यापीठाचं काही ठाऊक नव्हतं. म्हणाल्या, "त्या उन्हाळ्यात दर शनवारी सायकल काढून कारखान्यावर जायचे बघ. सुऱ्याची, म्हंजे तुझीच, जागा भरली का बघून येतो म्हणायचे. एक दिस आले आन् म्हणाले, भरली. त्या दिशी जेवले न्हाईत."

त्या उन्हाळ्यात मी त्यांच्याच माळ्यावर अभ्यास करत होतो. संध्याकाळी ते वर यायचे, किती झालं विचारायचे, खाली जायचे. त्यांच्या चेहऱ्यावर मला कधी काही दिसलं नाही. मी बघितलंही नसेल.

ते बरोबर वागले का, हे मला अजून ठरवता येत नाही. यादीतल्या त्या कुणीतरी जागा सोडली नसती तर आज मी त्यांच्याविषयी काय लिहिलं असतं? माझ्या वडिलांच्या उरलेल्या वर्षांवर त्यांनी डाव लावला, आणि तो लागला म्हणून मी कृतज्ञ आहे. पण कृतज्ञता त्यांच्या भोळेपणाबद्दल की धाडसाबद्दल, हेच कळत नाही. लग्नात सगळे हसत होते तेव्हा ते पानाला चुना लावत नेमका काय विचार करत होते?

मागच्या आठवड्यात स्टाफरूममध्ये एक नवीन सहकारी आले. कुणीतरी म्हणालं, यांच्या मामांची ती दुधाची गोष्ट ऐका. मी सवयीनं सुरुवात केली. बोट बुडवण्यापासून पंचावन्न टक्क्यांपर्यंत आलो. लोक जिथं हसतात ती जागा आली, आणि ते हसलेही. मी मात्र तिथंच थांबलो. पुढं काय सांगायचं, ते मला कळेना.